तारखांची वजाबाकी

पावसाळ्याचे चार महिने जिल्हाधिकारी कार्यालयातून रोज एक तक्ता निघतो. सकाळी निघतो आणि दुपारपर्यंत शिळा होतो. वार्ताहर त्यातला एक आकडा उचलतात, कृषी कार्यालय दुसरा उचलतं, आणि तलाठी-कृषी सहायकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत फिरत तो दिसेनासा होतो. कवितेचं, कथेचं रसग्रहण आपण शाळेपासून करत आलो. तक्त्याचं कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मला मात्र अकोला-अमरावतीकडचा हा पावसाचा गोषवारा फार दिवसांपासून वाचनीय वाटत आला आहे, आणि तो ज्या चार ओळींच्या आज्ञेतून तयार होतो त्या ओळी तर त्याहूनही.

आधी तक्ता पाहू. अकोल्याचा घ्या. डावीकडे सात तालुके: अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, अकोला, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर. उजवीकडे रकाने. जून ते सप्टेंबरची सरासरी, १ जूनपासून आजअखेर पडायला हवा होता तो पाऊस, आजचा पाऊस, आजअखेर प्रत्यक्ष पडलेला, त्याची टक्केवारी, आणि शेवटी गतवर्षी याच दिवसापर्यंत किती झाला होता तो आकडा. अमरावतीचा तक्ता असाच, फक्त तालुके चौदा, त्यामुळे पान जरा लांबतं.

या रकान्यांत सगळ्यांत हुशार आहे तो दुसरा. १४ जुलैला पडलेल्या पावसाची तुलना अख्ख्या हंगामाच्या सरासरीशी केली, तर रोजच दुष्काळ दिसेल. जुलै संपत येईपर्यंत सरासरीइतका पाऊस झालेला तालुकाही पन्नास टक्क्यांच्या वर दिमाखात उभा राहणार नाही. तुलना करायची ती १४ जुलैपर्यंत जेवढा पडायला हवा होता तेवढ्याशीच. ज्या कुणी अज्ञात कारकुनानं हा रकाना पहिल्यांदा आखला, त्यानं हंगामाला प्रत्येक दिवशी वेगळं माप दिलं. गतवर्षीचा रकानाही तसाच. तो हिशेबाचा नाही, आठवणीचा आहे. शेतकरी टक्केवारी ऐकतो आणि विचारतो, ‘मागल्या सालापेक्षा?’ तक्त्यानं तो प्रश्न आधीच ओळखून ठेवलेला असतो.

आता ‘आजचा पाऊस’ हा रकाना. यातला ‘आज’ मध्यरात्री सुरू होत नाही. हवामानखात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि साडेआठलाच सुरू होतो. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे बरोबर तीन वाजलेले असतात, आणि जगभरची निरीक्षणं त्या घड्याळाशी जुळवलेली आहेत. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, मोर्णा नदीला पूर आला, वस्त्यांत पाणी शिरलं. ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं त्यांच्या लेखी ती एकवीस तारीख. नोंदवहीत मात्र तो पाऊस बावीस तारखेचा. खोटं कुणीच बोलत नाही. फक्त दिवस कुठं कापायचा याबद्दल दोघांचं ठरलेलं वेगळं आहे. याच नियमानं १ जूनच्या नोंदीत ३१ मेच्या संध्याकाळचा वळीव येऊन बसतो, आणि ३० सप्टेंबरच्या रात्री पडलेला परतीचा पाऊस हंगामाबाहेर जातो.

तक्त्याच्या खाली नोंदींचा जो साठा असतो तो दिसायला अगदी नीरस. पूर्वी तहसील कार्यालयाच्या आवारात पर्जन्यमापक असायचं आणि सकाळी एक माणूस मोजपात्र घेऊन त्यातलं पाणी मोजायचा. आता ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली आहेत. दिवसभर, थोड्या थोड्या वेळानं त्यांची नोंद येते. साठ्यात तीनच गोष्टी: मंडळ कोणतं, वेळ कोणती, पाऊस किती. दुसऱ्या नोंदीत पुन्हा तेच. अशा लाखो ओळी. त्यात दुष्काळ नाही, अतिवृष्टी नाही, दुबार पेरणी नाही. नुसते ठिपके आहेत. हे ठिपके माणसानं वाचावेत अशा रूपात आणायचे, म्हणजे त्यांचे काळाप्रमाणे गठ्ठे बांधायचे.

गठ्ठे बांधण्याची आज्ञा एसक्यूएल या भाषेत लिहितात. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवण्याची कल्पना मांडली आणि १९७४ च्या सुमारास आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या भाषेचं पहिलं रूप तयार केलं. आज्ञेचा मराठीतला आशय इतकाच: मंडळ दाखव, महिना दाखव, पावसाची बेरीज दाखव, एका मंडळाच्या एका महिन्याच्या ओळी एकत्र धर, क्रमानं लाव. संपलं. ऑफिसात हेच काम एक्सेलच्या पिव्होटमध्ये उंदराच्या चार टिचक्यांत होतं, आणि करणाऱ्याला आपण काही ठरवलं असं वाटतही नाही. पण ‘एकत्र धर’ म्हणताना, म्हणजे ‘ग्रुप बाय’ लिहिताना, सगळं ठरलेलं असतं.

साडेआठचं गणित या आज्ञेत कसं बसवतात ते पाहण्यासारखं आहे. नोंदीच्या वेळेत साडेपंधरा तास मिळवायचे आणि मग तारीख वाचायची. २१ तारखेच्या रात्री अकराची नोंद सरकून २२ तारखेच्या दुपारी अडीचला जाते, तारीख बावीस. २२ च्या सकाळी आठची नोंद रात्री साडेअकराला जाते, तारीख बावीसच. सकाळी नऊची मात्र मध्यरात्र ओलांडते आणि तेवीस होते. ना ‘जर’, ना ‘तर’, ना अपवादांची यादी. घड्याळच पुढं ढकललं आणि नियम आपोआप पाळला गेला. कमी शब्दांत नेमकं सांगणं याला आपण कवितेत दाद देतो, ती इथंही द्यायला हरकत नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशीही असाच एक बारकावा आहे. ‘१ जून ते ३० जून’ असं साधं लिहिलं, म्हणजे ‘बिटवीन’ वापरलं, तर यंत्र ३० जूनचा अर्थ ३० जूनच्या मध्यरात्रीचा पहिला क्षण असा घेतं आणि तो पूर्ण दिवस गळतो. त्या दिवशी ऐंशी मिलिमीटर पडला असेल तर जून कोरडा दिसतो. जाणकार म्हणून वेगळं लिहितात: १ जून धरून, १ जुलैच्या आतलं. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हा प्रश्नच मग उरत नाही.

पण महिनाच का? हा प्रश्न तक्ता विचारत नाही. वऱ्हाडात किती प्रकारची वर्षं नांदतात ते मोजलं तर गंमत वाटते. सरकारी पैशाचं वर्ष १ एप्रिलला उगवतं. महसुलाचं १ ऑगस्टला. कापसाचा बाजार १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असा चालतो. सालदाराचं साल कुठं पाडव्याला तर कुठं अक्षय तृतीयेला. पावसाचं खातं जूनला उघडतं. पैसेवारीचा, म्हणजे गावच्या पिकाच्या अंदाजाचा, तर स्वतंत्र दिनक्रम: नजरअंदाज ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला, आणि पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं की दुष्काळसदृश. एकाच वावराचा हिशेब एवढ्या कात्र्यांनी कापला जातो, म्हणून दोन खात्यांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मला नवल वाटत नाही. जुळले की वाटतं.

शेतकरी पाऊस महिन्यानं मोजतच नाही. तो नक्षत्रानं मोजतो. मृग ७-८ जूनला, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि सप्टेंबरअखेर हस्त. तेरा-चौदा दिवसांचे गठ्ठे. ‘आर्द्रात पेरलं, पुष्यानं दगा दिला’ या एका वाक्यात काळाप्रमाणे केलेला पूर्ण अहवाल असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणीही आठवते. अक्षय तृतीयेला घट मांडतात, त्यात मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाहून पावसाचं भाकीत सांगतात. भाकिताला शास्त्राचा आधार नाही, आणि कृषिशास्त्रज्ञ ते वेळोवेळी सांगतातच. मांडणीची रचना मात्र पाहा: चार रकाने, चार कालखंड. अहवाल असा असतो ही समज इथं संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

हवामानशास्त्रानं आठवडे घेतले. वर्षाचे बावन्न प्रमाणित आठवडे, पहिला १ जानेवारीला सुरू होणारा. बावन्न सत्ते तीनशे चौसष्ट. उरलेला दिवस शेवटच्या आठवड्यात कोंबतात, म्हणून तो आठ दिवसांचा. लीप वर्षात फेब्रुवारीअखेरचा नववा आठवडाही आठ दिवसांचा. ही तडजोड मला आवडते. तेविसावा आठवडा कुठल्याही वर्षी ४ जूनलाच सुरू व्हावा यासाठी ती केली आहे. वार बदलला तरी चालेल, पिकाचं वय जुळलं पाहिजे.

कात्री बदलली की गोष्ट कशी बदलते ते एका मंडळावर पाहू. हे मंडळ कल्पनेतलं आहे, पण दर्यापूरपासून बाळापूरपर्यंत खारपाणपट्ट्यात असं कुठंही घडू शकतं. तिथं विहिरीचं पाणी खारट, ओलिताची सोय तोकडी, म्हणून वरून पडेल तेच पाणी. समजा, सोयाबीन २५ जूनच्या सुमारास पेरलं. १९ जुलैपर्यंत पाऊस उत्तम. डवरणी झाली, खत दिलं. मग २० जुलैपासून १२ ऑगस्टपर्यंत थेंब नाही. १३ ऑगस्टला पुन्हा सुरू झाला तो महिनाअखेरपर्यंत झोडपत राहिला. आता महिनावार गोषवारा काढा. जुलैच्या बेरजेत पहिल्या एकोणीस दिवसांचा पाऊस आहे, त्यामुळे जुलै सरासरीच्या जवळ. ऑगस्टच्या बेरजेत शेवटच्या एकोणीस दिवसांचा पाऊस आहे, त्यामुळे ऑगस्टही सरासरीच्या जवळ. दोन्ही महिने निर्दोष सुटले. चोवीस दिवसांचा खंड ३१ जुलैच्या रेघेवर मधोमध चिरला गेला आणि अर्धा अर्धा दोन महिन्यांच्या पोटात गडप झाला. नेमक्या त्याच दिवसांत सोयाबीन फुलावर होतं.

आठवड्यानं कापा. तिसावा, एकतिसावा, बत्तिसावा, म्हणजे २३ जुलै ते १२ ऑगस्ट, तीन आठवडे सलग कोरडे. नक्षत्रानं कापा. पुष्य पूर्ण कोरडं, आश्लेषा शेवटच्या चार दिवसांपर्यंत कोरडी. शेतकऱ्याचं ‘पुष्यानं दगा दिला’ हे वाक्य इथं जिल्ह्याच्या महिनावार तक्त्यापेक्षा अचूक ठरतं. नक्षत्रांत काही दैवी शहाणपण आहे असं मी म्हणत नाही. खंड २ ऑगस्टच्या मागे-पुढे दहा-दहा दिवस असता तर नक्षत्रांनीही तो असाच चिरून लपवला असता. महिनाभराचा शिधा एका दिवशी वाढला आणि उरलेले दिवस उपाशी ठेवलं, तरी कागदावर पोटभर जेवण दिल्याचीच नोंद होते. कात्री कोणतीही घ्या, ती आधीच ठरलेली असेल तर पाऊस तिच्या सोयीनं पडत नाही. म्हणूनच आमच्याकडचा म्हातारा म्हणतो, ‘पानी किती आला थे नोको सांगू बाप्पा, कवा आला थे सांग.’

इथं त्या चार ओळींच्या आज्ञेतला एक मोठा दोष सांगितला पाहिजे. ‘ग्रुप बाय’ फक्त असलेल्या ओळींचे गठ्ठे बांधतं. ज्या आठवड्याची एकही नोंद साठ्यात नाही, त्या आठवड्याचा शून्यसुद्धा येत नाही. तो आठवडाच तक्त्यातून नाहीसा होतो. एकोणतिसाव्याच्या खाली थेट तेहेतिसावा, आणि वरून नजर फिरवणाऱ्याला सगळे आकडे भरघोस. यावर उपाय असा की दिवसांचा एक वेगळा तक्ता आधी करून ठेवायचा, कोऱ्या पंचांगासारखा, १ जून ते ३० सप्टेंबर, एकशे बावीस ओळी. आणि पावसाच्या नोंदी त्याला जोडायच्या. नोंद असेल तर आकडा बसेल, नसेल तर जागा रिकामी दिसेल. रिकामी जागा दिसली की पुढचा प्रश्न विचारता येतो: पाऊस निरंक होता, की यंत्र बंद होतं? मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडं नेटवर्क गेलं तर नोंद चार दिवसांनी येते. तिला शून्य समजणं म्हणजे ऐन भरपावसात दुष्काळ लिहिणं. चांगला अहवाल ‘निरंक’ आणि ‘अप्राप्त’ हे दोन शब्द कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही.

आणि आता ती वजाबाकी, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ठरलेली कात्री बाजूला ठेवून खंड स्वतःच मोजायचा असेल, जिथं सुरू झाला तिथून जिथं संपला तिथपर्यंत, तर काय करायचं? यंत्राला सलगपणा कळत नाही. त्याला प्रत्येक ओळ सुटी दिसते. तेव्हा फक्त कोरडे दिवस वेगळे काढायचे, क्रमानं लावायचे आणि त्यांना नंबर द्यायचे: एक, दोन, तीन. मग प्रत्येक तारखेतून तिचा नंबर वजा करायचा.

२० जुलै, नंबर एक. वजा केला, १९ जुलै. २१ जुलै, नंबर दोन, १९ जुलै. २२ जुलै, नंबर तीन. पुन्हा १९ जुलै. समजा २३ ला पाऊस झाला, तर ती तारीख यादीतच नाही. २४ जुलै, नंबर चार. वजाबाकी २० जुलै. २५ जुलै, नंबर पाच, २० जुलै. तारखा सलग आहेत तोवर तारीख आणि नंबर दोघंही एकेकानं वाढतात, म्हणून उत्तर हलत नाही. मध्ये एक ओला दिवस आला की तारीख एक घर उडी मारते, नंबर मारत नाही, आणि उत्तर बदलतं. आता त्या उत्तरावर ‘ग्रुप बाय’ लावायचं. प्रत्येक गठ्ठा म्हणजे एक अखंड कोरडा पट्टा. त्यातली पहिली तारीख, शेवटची तारीख आणि मोजणी मिळाली की काम झालं. नंबर देण्याची सोय २००३ च्या एसक्यूएल मानकापासून भाषेतच आहे. उत्तरात आलेल्या ‘१९ जुलै’ या तारखेला स्वतःचा काहीच अर्थ नसतो. ती फक्त कोरड्या दिवसांना एका दाव्याला बांधून ठेवते आणि काम झाल्यावर निघून जाते. पहिल्यांदा ही युक्ती कळते तेव्हा ओठांवर हसू येतं, आणि पुढं कितीदाही वाचली तरी ते येतंच.

याचं मोल किती ते २०२३ च्या ऑगस्टनं दाखवलं. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाला इतका कोरडा ऑगस्ट ठाऊक नव्हता. तूट छत्तीस टक्के. महाराष्ट्रात तेव्हा मंडळामंडळांतून एकच चौकशी: आपल्याकडं खंड एकवीस दिवसांच्या वर गेला का? गेला असेल तर पीकविम्यातून पंचवीस टक्के आगाऊ भरपाईचा दावा उभा राहत होता. म्हणजे कुणाच्या तरी संगणकावर ही तारखांची वजाबाकी चालू होती आणि तिच्या उत्तरावर गावाचे पैसे अवलंबून होते. त्यात कोरडा दिवस कशाला म्हणायचं हा वाद आलाच. हवामानखातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर पावसाचा दिवस धरतं. आपल्या त्या मंडळात १ ऑगस्टला पहाटे तीन मिलिमीटरची एक सर येऊन गेली असती, जमिनीची धूळही पुरती बसली नसती, तर चोवीस दिवसांच्या खंडाचे दोन तुकडे झाले असते: बारा दिवस आणि अकरा दिवस. एकवीस कुठंच नाही. पीक तेवढंच वाळलं असतं. ज्याला नियम करायचा आहे त्यानं ही वजाबाकी एकदा हातानं करून पाहावी. दोन मिलिमीटरची रेघ आणि पाच मिलिमीटरची रेघ यांत किती वावरं आत-बाहेर होतात ते मग डोळ्यांनी दिसतं.

अतिवृष्टीला हा त्रास कमी. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, असा सरळ हिशेब. धो धो पडलेला पाऊस एका ओळीत सापडतो. न पडलेला शोधायला ओळी जोडाव्या लागतात.

टक्केवारीबद्दल थोडक्यात. ती ज्या सरासरीनं भागतात ती सरासरीही काळाचा एक तुकडाच असते. हवामानखात्यानं २०२२ मध्ये १९६१-२०१० ऐवजी १९७१-२०२० हा काळ धरला आणि देशाच्या मोसमी पावसाची सरासरी ८८ सेंटिमीटरवरून ८७ वर आली. पाऊस तेवढाच, टक्के किंचित वाढले. जिल्ह्याच्या सरासरीत तर काळाबरोबर भूगोलही मिसळतो. अमरावतीच्या एकाच आकड्यात चिखलदऱ्याचा डोंगरी पाऊस आहे आणि दर्यापूरच्या सपाटीचाही, आणि पहिल्याचं मान दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास. ‘अमरावती जिल्ह्यात शंभर टक्के’ हा मथळा वाचून दर्यापूरच्या माणसानं काय समजायचं?

अमरावतीच्याच विभागीय आयुक्त कार्यालयात काळाप्रमाणे केलेला दुसरा एक गोषवारा आहे, २००१ पासूनचा. विभागातल्या जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांचा, वर्षांचा आणि महिन्यांचा. त्याचं रसग्रहण करायला हात धजत नाही. पण त्यातली एक गोष्ट, अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी अशी, सांगतो. त्यात एकूण प्रकरणांबरोबर पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असे रकाने असतात. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये. प्रलंबित प्रकरणांचा निर्णय पुढं कधीतरी होतो, म्हणून मागच्या महिन्यांच्या ओळी नंतरही बदलत राहतात. एखाद्या मार्चचा आकडा एप्रिलमध्ये वाचला आणि पुन्हा डिसेंबरमध्ये वाचला, तर दोन्ही खरे आणि दोन्ही वेगळे. घटना घडली ती तारीख एक आणि नोंद पक्की झाली ती तारीख दुसरी. गोषवाऱ्याच्या डोक्यावर ‘अमुक तारखेअखेर’ असं लिहिलं नसेल, तर दोन वर्षांची तुलना करताना आपण ताजी, अर्धवट माहिती जुन्या, पूर्ण झालेल्या माहितीसमोर उभी करतो आणि ‘यंदा पात्र प्रकरणं घटली’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

तक्ते जपण्याची परंपरा वऱ्हाडाला नवी नाही. अकोला जिल्ह्याचं गॅझेटियर १९१० साली निघालं, अमरावतीचं १९११ साली. ‘अ’ खंड वर्णनाचा आणि तक्त्यांसाठी वेगळा ‘ब’ खंड. वाचणारे सगळे ‘अ’ खंडाकडं धावतात, गाविलगड आणि नरनाळा या किल्ल्यांच्या हकिगती तिथं आहेत म्हणून. माझं मत विचाराल तर दोन्ही जोडीनं वाचावेत. ज्या १८९९-१९०० च्या दुष्काळाचं वर्णन शब्दांत होतं, त्याचा पुरावा आकड्यांतच सापडतो, आणि शब्द जिथं आवाज चढवतात तिथं आकडे त्यांना सांभाळून घेतात.

महसूल मंडळनिहाय पाऊस आज राज्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. आपल्या मंडळाचे एकशे बावीस दिवस एका शीटमध्ये उतरवा, २.५ च्या खालचे दिवस वेगळे काढा, नंबर द्या, वजाबाकी करा. दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढंच ते गणित आहे. आणि जिल्ह्याचा रोजचा तक्ता आखणाऱ्यांना एक विनंती: ‘गतवर्षी आजअखेर’ या रकान्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला, ‘हंगामातील सर्वांत मोठा खंड, कधीपासून कधीपर्यंत’. पान आडवं छापलं तर जागा पुरते.